लाल गिटारची कॉइल

खुंटीमामांच्या दुकानात शिरलं की आधी मामांचं बोलणं ऐकू येतं, मग बऱ्याच वेळानं मामा दिसतात. मधे गिटारी असतात. छताला टांगलेल्या, भिंतीला टेकलेल्या, टेबलावर पोट उघडं टाकून पडलेल्या. त्यांच्या पलीकडे सहासष्ट वर्षांचे, गोल पोटाचे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा तोलून धरलेले मामा काहीतरी घासत, पुसत, जोडत असतात आणि तोंडाचा पट्टा चालू असतो. समोर ऐकायला कोणी असलंच पाहिजे असा त्यांचा आग्रह नाही. गिटारची खुंटी पिळताना ते आपलं तोंडही त्याच दिशेला पिळतात. खुंटी डावीकडे तर तोंड डावीकडे. या सवयीवरून हे नाव पडलं, आणि मामांना ते आवडतं. बारशाच्या नावानं त्यांना फक्त वीज कंपनी ओळखते.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची मोठी बहीण राहते. लाकडी जिन्याच्या चौदा पायऱ्या चढल्या की अक्काचं शिवणकाम. मामा जितके बोलतात तितकी अक्का बोलत नाही. घरातला शब्दांचा साठा दोघांत मिळून एकच आणि तो धाकट्यानं आधीच उचललेला, असं तिचं म्हणणं. वर मशीन चालू असलं की खालच्या छतातून टकटक ऐकू येते. मामा त्या टकटकीवर ताल धरून बोलतात.

मामांची सगळी कीर्ती एका लाल गिटारवर उभी आहे. ती गिटार भोंग्याची. आता त्याला सगळं जग भलत्याच भारदस्त नावानं ओळखतं, त्याच्या कार्यक्रमाला मैदानं अपुरी पडली, पण या गल्लीत तो भाड्याच्या खोलीत सराव करायचा तेव्हापासून मामांसाठी तो भोंगाच. आवाजच तसा होता. शेजारची मंडळी खिडक्या लावून घ्यायची, आणि काचाही थरथरायला लागल्या की मामांना बोलावून घ्यायची, जणू काही मामांकडे त्याचं बटण होतं.

यंदा भोंग्याच्या बोटांनी संप पुकारला. सांधे धरले, वाजवणं थांबलं, आणि त्यानं ती लाल गिटार संग्रहालयाला देऊन टाकली. म्हणून एके दिवशी सकाळी संग्रहालयाच्या बाई काळी पेटी घेऊन मामांच्या दुकानात आल्या. बरोबर टाइप केलेली अकरा पानं. गिटारचा इतिहास. काचेच्या कपाटाशेजारी तो लावायचा होता, आणि ज्यानं ती आयुष्यभर दुरुस्त केली त्याची त्याखाली सही हवी होती.

"वाचून बघा मामा. चूक असेल तर आत्ताच सांगा. एकदा लागलं की लागलं."

"चूक?" मामांनी पेटी उघडली आणि गिटारकडे पाहून त्यांचा आवाज क्षणभर मऊ झाला. "आलीस का बाई? म्हातारी झालीस. मीही झालो." मग पानं उचलली. "हं. अंगावरचा हा काळा डाग. 'रंगमंचावरील आगीच्या ज्वाळेने पडला.' छान लिहिलंय. साफ खोटं आहे."

बाईंचं पेन जागच्या जागी थांबलं.

"इस्त्री," मामा म्हणाले. "कपड्यांची. लाकडाला पोचा पडला होता. ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री धरली की वाफेनं लाकूड फुगतं, पोचा भरून येतो. हा कारागिरांचा जुना उपाय आहे. फक्त इस्त्री वेळेवर उचलायची असते. मी एका गिऱ्हाइकाला तेच समजावून सांगत होतो की वेळेवर उचलायची असते."

बाई हसल्या. "पण मामा, लोक आपापल्या गिटारींवर असा डाग मुद्दाम पाडून घेतात!"

"ठाऊक आहे. माझ्याकडेच येतात. आता मला सराव झालाय."

मग मामांना चेव चढला. पान तीनवर लिहिलं होतं की भोंग्यानं आवेशाच्या भरात गिटार आपटली आणि तिची मान मोडली. मामांनी तेही खोडलं. गिटार खुर्चीवर ठेवली होती आणि ड्रमवाला तिच्यावर बसला होता. ड्रमवाल्याचं वजन किती, तो उठल्यावर काय म्हणाला ("खुर्ची कडक आहे"), सगळं त्यांनी साभिनय सांगितलं. पान पाचवरची एक खुंटी मूळची नव्हती. पान सहावरची तारीख दोन वर्षांनी चुकली होती. बाई भराभर लिहून घेत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर आदर वाढत चालला होता.

"मामा, असा माणूस भेटत नाही हो. स्वतःची इस्त्री कोण कबूल करतं?"

मामांची छाती फुगली. पान सात उलटलं. आणि पट्टा थांबला.

पान सात म्हणजे कॉइल. तारांच्या खाली, प्लास्टिकच्या झाकणाआड ती असते. केसाहून बारीक तांब्याची तार एका चपट्या रिळावर हजारो वेळा गुंडाळलेली. वर गिटारची तार थरथरली की ती थरथर हीच कॉइल पकडते आणि पुढे आवाज होतो. एकतीस वर्षांपूर्वी लाल गिटारची कॉइल जळली होती, ती नवी गुंडाळली गेली, आणि त्यानंतर भोंग्याच्या गिटारला तो आवाज आला, जाड, घोगरा, पोटातून येणारा, ज्यानं भोंग्याचा भोंगा सगळ्या दुनियेत पोचवला. पानावर लिहिलं होतं: 'ही कॉइल खुंटीमामांनी स्वतःच्या हातांनी गुंडाळली. त्यांच्या हातांतील जादूचे रहस्य आजवर कोणालाही उलगडलेले नाही.'

मामांच्या मागच्या भिंतीवर एका मासिकाचं कात्रण चौकटीत लावलेलं होतं. मथळा: जादूचे हात. बाईंनी वाक्य तिथूनच उचललं होतं.

खरी गोष्ट मामांना ठाऊक होती, आणि अजून एका माणसाला. त्यांची बोटं म्हणजे वेलदोडे नव्हेत, चांगली जायफळं. त्या बोटांत ती तार तीनदा तुटली होती. चौथ्यांदा तुटल्यावर त्यांनी रीळ भिंतीवर फेकायला उचललं, तेवढ्यात अक्का जिना उतरून आली. "आदळआपट कसली? आण इकडे." तिनं रीळ वर नेलं. मशीनवर दोरा भरायचं छोटं चाक असतं, त्याला ते बसवलं, पायाच्या एका दाबाला रिळाचे किती फेरे होतात ते आधी साध्या दोऱ्यानं पाहून घेतलं आणि बसली. मामांनी सांगितलं होतं, आठ हजार. मधेच एक गिऱ्हाईक कोटाच्या बाहीवरून भांडायला आलं. दुसऱ्या दिवशी रीळ खाली आलं तेव्हा ते इतकं गुबगुबीत झालं होतं की झाकणच बसेना. "किती झाले?" मामांनी विचारलं. "असतील," अक्का म्हणाली. बाहीच्या भांडणात हिची मोजणी चुकली, हे मामा तिथेच समजले. त्यांनी कानस घेऊन झाकण आतून घासलं आणि बसवलं.

पुढे मासिकवाला आला. "कॉइल कोणी गुंडाळली?" मामा म्हणाले, "इथेच झाली." एवढंच म्हणाले. बाकीचं मासिकवाल्यानं लिहिलं, आणि मामांनी ते चौकटीत घातलं. अक्कानं कात्रण पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "फोटो बरा आलाय. कॉलर वाकडी आहे." मामांचा जीव भांड्यात पडला. तिच्या हातून चूकच झाली होती ना? मग चुकीचं श्रेय कोण मागतं, आणि आपण घेतलं तर कोणाचं काय गेलं? हे उत्तर त्यांनी एकतीस वर्षं वापरलं होतं. आज ते कोपराशी विरलेल्या सदऱ्यासारखं दिसायला लागलं.

"इथे सगळं बरोबर ना?" बाईंनी विचारलं. "सही करा म्हणजे मी निघते."

मामांनी पेन घेतलं. सही केली तर कोणीच काही बोलणार नव्हतं. न केली तर भिंतीवरची चौकट उतरवावी लागली असती, आणि त्या चौकटीसाठी लांबलांबून लोक येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर मशीनची टकटक चालू होती.

"मॅडम," मामा म्हणाले, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं, "तुम्ही जरा जिना चढाल का?"

अक्का पडद्याला काठ घालत होती. एकाहत्तर वर्षांची, दोन चष्मे, एक डोळ्यांवर, एक केसांत. बाईंना तिनं स्टूल दाखवलं. मामा उभेच राहिले.

"अक्का, ते लाल गिटारचं… ती कॉइल. मी यांना सांगतोय की ती तू गुंडाळलीस."

मशीन थांबलं.

"आज आठवलं?"

"आठवत होतं."

"बरं." अक्का बाईंकडे वळली. "हो, मी गुंडाळली. याच्या बोटांना लोणी लावल्यासारखं होतं त्या दिवशी."

मामांना वाटलं, सुटलो. सुटल्याच्या आनंदात त्यांची जीभ सैल झाली. "तसं बघा मॅडम, ती एक गोड चूकच. गिऱ्हाईक भांडायला आलं, हिची मोजणी हुकली, फेरे जास्त झाले, आणि त्यातून आवाज…"

"कोणाची मोजणी हुकली?" अक्का म्हणाली.

"तुझी. बाहीच्या भांडणात."

"पंचवीस माणसांची मापं तोंडपाठ ठेवून शिवते मी. एका बाहीनं माझी मोजणी हुकेल?" तिनं केसांतला चष्मा काढून मांडीवर ठेवला. "दहा हजार चारशे. मुद्दाम."

बाईंनी आकडा लिहून घेतला.

"तुमच्या त्या भोंग्याचं वाजवणं महिनाभर या भिंतीतून ऐकत होते," अक्का बाईंना सांगू लागली. "आवाज कसा? एकेरी दोऱ्यासारखा. आता तुटेल, मग तुटेल. आणि तो पोरगा तर ओढायचा जाड कोट ओढल्यासारखा. कोटाला एकेरी दोरा घालतं का कोणी? म्हटलं, ही तार म्हणजे दोराच. जास्त घालून बघू. बिघडलं तर उसवता येतं."

"मग बोलली का नाहीस?" मामांचा आवाज बारीक झाला होता.

"तू विचारलंस, किती झाले. का झाले ते विचारलं नाहीस." अक्कानं काठावरचा दोरा दातानं तोडला. "मला नावाचं काही नव्हतं रे. मासिकात फोटो येऊन मी काय करणार होते? पण वाटलं, आवाज चांगला आलाय, आता अजून एखादं रीळ घेऊन येशील. दोन वर्षं त्या छोट्या चाकाला तेल घालत होते. मग सोडलं."

मामांनी रीळ पुन्हा वर कधीच नेलं नव्हतं. कसं नेणार? कोणी पाहिलं असतं तर? एकतीस वर्षांत चाळीस-पन्नास लोकांनी तसलीच कॉइल मागितली होती, आणि दर वेळी मामांनी हात वर करून सांगितलं होतं, "तो योग एकदाच येतो." लोकांना वाटायचं, कलावंताचा विनय. आणि डोक्यावर, चौदा पायऱ्यांवर, जिला तो योग केव्हाही आणता आला असता, ती पडद्यांना काठ घालत बसली होती.

"अक्का," ते म्हणाले, "माझं चुकलं," आणि पुढे त्यांना एकही विनोद सुचला नाही.

"चुकलंच," अक्का म्हणाली.

बाईंनी हळूच सांगितलं की हे छापायचं तर भोंग्याला कळवावं लागेल. मामांनी स्वतःच फोन लावला. इस्त्रीची गोष्ट सांगताना जे तोंड थांबत नव्हतं त्याच तोंडानं त्यांनी चार वाक्यांत हे सांगितलं.

"मामा, मी प्रत्येक मुलाखतीत तुमचं नाव घेत होतो."

"हो रे."

"प्रत्येक."

"हो."

"फोन अक्कांना द्या."

अक्का पाच-सात मिनिटं ऐकत होती. मधेमधे "हं" म्हणाली, एकदा "वेडा आहेस का," म्हणाली, एकदा हसलीही. मामा हात पुढे करून उभे होते. त्यांना वाटलं फोन परत आपल्याकडे येईल. अक्कानं तो तसाच ठेवून दिला.

"माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"नाही," अक्का म्हणाली. तिनं उगाच गोड केलं नाही.

बाईंनी पान सात तिथेच फाडलं आणि नवीन लिहायला घेतलं. अक्काचं पूर्ण नाव विचारलं, व्यवसाय विचारला. "शिवणकाम," अक्का म्हणाली. मग बाईंनी मामांना विचारलं, "आणि कॉइलच्या बाबतीत तुमचं काम नेमकं काय लिहू?"

मामांनी खरोखर विचार केला.

"झाकण घासलं," ते म्हणाले. "आतून. ते मात्र व्यवस्थित घासलं होतं."

बाईंनी तेही लिहिलं. आता संग्रहालयात ते तसंच आहे. अक्काची ओळ मोठ्या अक्षरात, खाली झाकणाची ओळ, आणि काळ्या डागापाशी इस्त्री. शाळेच्या सहली इस्त्रीपाशी जास्त वेळ थांबतात म्हणे.

भोंग्यानं तीन महिने मामांना फोन केला नाही. मामांनी भिंतीवरची चौकट उतरवली. तिथे रंग जरा उजळ राहिलाय, तो झाकायला त्यांनी काही टांगलेलं नाही. नवीन गिऱ्हाइकं दारात येतात आणि विचारतात, "अक्का इथेच का?" मामा गिटार टेबलावर घेतात, तारा सैल करतात, चार स्क्रू काढतात, जळकी कॉइल तळहातावर ठेवून जिना चढतात. वर गेल्यावर त्यांना स्टूल मिळतं आणि दिवा धरायचं काम. बोलायचं नाही, ही अट.

परवा एक गिटारवाली मुलगी खाली थांबली होती आणि वर अक्काचा पाय चालला होता. तीन हजार झाले, साडेतीन झाले. मामा दिवा धरून, ओठ घट्ट मिटून, चाकाच्या दिशेनं तोंड पिळून बसलेले. चार हजाराच्या आसपास तार तुटली. अक्कानं पाय थांबवला. तिचा हात जरासा थरथरला होता, आता थरथरतो. मामांनी ते पाहिलं, दिवा खाली ठेवला आणि तारेचं तुटलेलं टोक आपल्या जाड बोटांनी गालिच्यावर शोधू लागले. ते सापडायला वेळ लागला.

"सापडलं?" अक्कानं विचारलं.

मामांनी मान डोलावली आणि टोक तिच्या बोटांत दिलं.

"मग बघतोस काय? गुंडाळलेलं उसव. पहिल्यापासून."