भेरुंडाची चाल

तिगावजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर नाटक होई. त्यातला दोन डोक्यांचा भेरुंड पक्षी कायम माझे बाबा. पुढे बैलगाडीचं चाक पायावरून गेलं आणि ते लंगडू लागले. चारचौघांत ओठ आवळून सरळ चालत; पण त्या साली भेरुंडाची उडी मारताना पाय दुमडला आणि पोट्टे फिदीफिदी हसले. बाबा कितीतरी दिवस धड जेवले नाहीत. पुढच्या वर्षी मंडळी नवा भेरुंड शोधू लागली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मी पांढुर्ण्याला जीवशास्त्र शिकत होते आणि माझ्या हट्टापुढे ब्रह्मदेवाचंही काही चालत नसे. तालमीत जाऊन नाटक बसवणाऱ्या काकांना विचारलं, "काका, हत्ती उचलणारा पक्षी चिमणीसारखा टुणटुण उड्या मारन काय?"

"मंग कसा चालन?"

"गिधाडासारखा."

"भेरुंडाले गिधाड बनवून राहिली काय बाप्पा!" काकांनी कपाळाला हात लावला. पण नाही म्हणाले नाहीत.

गावाबाहेर मेलेली ढोरं टाकत, तिथं मी सकाळी बाबांना घेऊन गेले. आभाळात डौलानं तरंगणारं गिधाड जमिनीवर उतरलं की अवजड होतं. पंख अर्धे उघडे टाकून, अंग झोकत, पाय ओढत चालतं. बाबा नाकाला दुपट्टा लावून कितीतरी वेळ बघत राहिले. मग तिथंच दोन्ही हात पसरून चालायला लागले.

बाकीची करामत माझी. बांबूच्या कमच्यांवर पोती शिवली, मानेभोवती कापसाची झालर लावली. दुसरं डोकं बाबांच्या डाव्या मुठीत. सायकलच्या ब्रेकची तार ओढली की चोच उघडे. उडणं पडद्यामागं ठेवलं. बाबा गॅसबत्तीजवळ उभे राहिले की सावली पडदाभर पसरे, आणि ते पडद्याकडे येऊ लागले की सावली लहान होत खाली येई; पक्षी आभाळातून उतरतोय असं वाटे. हे डोकं माझंच, त्यात खोटा विनय कशाला!

नाटकाच्या रात्री पडदा सरकला. बाबा झुलत, पाय ओढत पुढे आले आणि पहिल्या रांगेतले पोट्टे मागच्यांच्या मांडीवर जाऊन बसले. एक लेकरू भोकाड पसरून रडलं. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

घरी येताना बाबा खाली मान घालून आपल्या पायाकडेच बघत चालले होते. मला धास्ती वाटली. दाराशी थांबून हळूच म्हणाले, "बाई, पाय जरा कमीच ओढला काय वं मी? उद्या लोधीखेड्याच्या खेळात अजून ओढतो."