घाटात तापणारी मासळीची गाडी

रेडिएटरचं झाकण काढलं आणि आतून मासळीचा वास आला.

मी धोंडिबाकडे बघितलं. धोंडिबा गॅरेजच्या छपराकडे बघत राहिला.

"यात काय घातलंस?"

"बर्फ."

"कुठला बर्फ?"

"पाट्यांतला. पाणी संपलं व्हतं, मेस्तरी. आन् साहेबांची मासळी तर पोचवायचीच व्हती."

म्हणजे मासळी ताजी राहावी म्हणून पाट्यांत घातलेला बर्फ काढून ह्यानं इंजिन गार केलं होतं. इंजिन काही गार राहिलं नाही, आणि मासळी तर गेलीच.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. लोणावळ्यात माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खड्डा आणि माझी जीभ. धोंडिबा मळवलीचा. खंडाळ्याच्या एका हॉटेलची पिकअप चालवायचा. गाडी अमेरिकन, चार सिलिंडरची, पुढं दोघांची सीट आणि मागं उघडा हौदा. पनवेलची मासळी खोपोलीला यायची, ती धोंडिबानं घाट चढून दहाच्या आत हॉटेलच्या किचनमध्ये पोचवायची. उन्हाळ्याच्या सीझनमध्ये हॉटेल भरलेलं. महिनाभर गाडी घाटात रोज उकळत होती आणि मासळी बारा वाजता पोचत होती. त्या दिवशी पोचली तशीच उचलून परसात पुरावी लागली.

हॉटेलचे मॅनेजर पेंडसे तळेगावचे. बोलणं मोजकं, आवाज कधी चढायचा नाही. त्यामुळे जास्तच भीती वाटायची.

"मेस्तरी, गाडीत दोष आहे की ड्रायव्हरमध्ये, एवढंच मला सांगा. गाडीत असेल तर तुम्ही दुरुस्त करा. ड्रायव्हरमध्ये असेल तर मी करतो."

धोंडिबा बाजूला उभा राहून ऐकत होता. गावात मोटार चालवणारा तो पहिला माणूस. भावाशी भांडून, भाताची खाचरं त्याच्यावर टाकून तो ड्रायव्हर झाला होता. नोकरी गेली तर त्याच भावाच्या हाताखाली चिखलात उतरायचं, आणि तेही सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत.

मी कामाला लागलो. वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. त्या गाडीला पाण्याचा पंप नव्हता. इंजिनात तापलेलं पाणी आपोआप वर चढायचं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून खाली येता येता वाऱ्यानं निवायचं आणि खालून परत इंजिनात जायचं. पाण्याचं हे फिरणं म्हणजे बैलगाडीची चाल. वाटेत जरा काही अडलं की ते थांबलंच.

आधी पंख्याचा पट्टा बघितला. सैल होता, ताणून घेतला. रबरी होज बदलले. मग स्पार्कची दांडी. त्या गाडीत ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, ते ड्रायव्हर स्टिअरिंगखालच्या दांडीनं ठरवायचा. ठिणगी उशिरा पडली की इंजिन तापतं. धोंडिबाचा हात दांडीवर बरोबर होता. मग रेडिएटरमध्ये वरून पाणी ओतून बघितलं. खालून उतरत होतं. सावकाश, पण उतरत होतं. रंग पिवळट होता. गंज असणार, असं मी ठरवून टाकलं. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस ठरवताना फार वेळ घेत नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्याबरोबर घाट चढलो. तिसऱ्या वळणावर झाकणातून वाफ उडाली. अर्धा तास आम्ही दगडावर बसलो. मागं मासळी, पुढं वाफ, आणि मध्ये मी. माझा अपमान होत होता. एवढं सगळं करून गाडी तापते म्हणजे काय? माझ्याकडून काही राहिलं असेल, हे मनात आलंच नाही.

हॉटेलवर पोचल्यावर पेंडशांना मी सांगून टाकलं, "गाडीत दोष नाही, साहेब. चालवणाऱ्यात आहे. चढावर गिअर वेळेवर बदलत नाही, ओढून धरतो."

पेंडसे म्हणाले, "ठीक. शनिवारी मुंबईची मोठी पार्टी आहे. तेव्हा मासळी दहाला आली नाही, तर रविवारपासून दुसरा ड्रायव्हर."

धोंडिबा रिकाम्या पाट्या गाडीत चढवायला लागला. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी मासळी पोचवून तो गाडी घेऊन गॅरेजवर आला. भांडायला आला असेल म्हणून मी पाना हातातच ठेवला. त्यानं कमरेची पुरचुंडी सोडली आणि माझ्यापुढं धरली.

"मेस्तरी, हळद कमी पडती का?"

"कसली हळद?"

"तुमीच सांगितलं न्हवं? दिवाळीच्या टायमाला रेडिएटर गळत व्हता. तुमी म्हणला, चिमूटभर हळद टाक, भोक बुजंल."

सांगितलं होतं. जुनी युक्ती आहे. हळद पाण्यात फुगते, बारीक भोकात बसते आणि गाडी घरापर्यंत जाते. त्या दिवशी कथील वितळवून भोकाला डाग द्यायला हवा होता, पण सणासुदीला भट्टी पेटवायचा मला कंटाळा आला होता.

"मग? टाकलीस ना?"

"टाकतो की. दर मंगळवारी आन् शुक्रवारी. देवीचा वार कदी चुकवला न्हाई. पयल्यांदा चिमूट टाकायचो. गाडी तापाया लागली तसा मूठ टाकतोय. घरची हाय, कारभारीण स्वतः कुटती. भेसळ न्हाई."

"अरे, एकदा टाकायची होती!"

"एकदाच टाक, असं कुटं म्हणला तुमी?"

नव्हतो म्हणालो. मी खाली बसलो. मग उठून रेडिएटर उतरवला, खालची टाकी डाग सोडवून वेगळी केली. आत पिठलं होतं. मधल्या निम्म्या नळ्या त्या हळदीच्या लगद्यानं गच्च भरलेल्या. कडेच्या नळ्यांतून तेवढं पाणी उतरत होतं, आणि त्यालाच मी ठीक म्हणालो होतो.

दिवसभर आम्ही दोघं एकेका नळीत तार घालत बसलो. मग धुण्याचा सोडा घालून उकळतं पाणी खालून वर उलटं सोडलं. अंगणभर पिवळे ओघळ गेले. दिवाळीतलं ते भोक सापडलं. मोहरीएवढं. डाग द्यायला माझी पाच मिनिटंही गेली नाहीत.

शनिवारी मी हॉटेलच्या मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. साडेनऊला पिकअप आली. धोंडिबानं झाकणावर उघडा तळवा ठेवून दाखवला. पाट्यांत बर्फ तसाच होता.

पेंडसे बाहेर आले. "काय निघालं, मेस्तरी?"

गंज म्हणालो असतो तर चाललं असतं. धोंडिबा तर बोलणारच नव्हता. तो पाट्या उतरवत होता, माझ्याकडे बघतही नव्हता. त्यामुळेच मला लबाडी जमली नाही. सगळं सांगितलं.

पेंडशांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दोष चालवणाऱ्यात आहे म्हणाला होतात. मग आता काढू कोणाला?"

"मला काढा, साहेब."

"तुम्ही माझ्या नोकरीत नाही, हीच अडचण आहे," म्हणाले आणि मासळी मोजायला आत गेले.

धोंडिबाची नोकरी राहिली. निघताना तो माझ्याजवळ आला. पुरचुंडी अजून कमरेला होतीच.

"मेस्तरी, मंग आता हळद टाकायची न्हाई?"

"नाही."

"किती दिवस?"

मी "जन्मभर" म्हणालो. त्यानंतर गिऱ्हाइकाला उपाय सांगताना तो कधी थांबवायचा, हे मी आधी सांगतो आणि उपाय मागून.