नत्थूजी आधी मोजत

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघे गावच्या नत्थूजी पेंटरचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. त्यातला एक नियम त्यांनी जन्मभर पाळला: वस्तू एकाहून जास्त असेल तर शेवटी एस. हा नियम पुष्कळांना ठाऊक असतो. नत्थूजींचं वेगळेपण एवढंच, की ते वस्तू आधी जाऊन पाहत. रसवंतीच्या पाटीवर 'ज्यूसेस' लिहायचं असलं, तर दुसरा रस कोणता हे कळल्याशिवाय ब्रश रंगात बुडत नसे.

१९९८ साली वर्धा स्टेशनजवळच्या एका लॉजचे मालक ताराचंदजी यांना परदेशी पाहुण्यांची चाहूल लागली. बारा खोल्यांत इंग्रजी सूचनांचे बारा पत्रे लावायचे होते. ते धड झाले, तर गच्चीवरचा तीस फुटी बोर्डही नत्थूजींनाच, असं ठरलं. उभा जन्म दुकानांच्या कपाळावर वीतभर अक्षरं काढलेल्या माणसाला तीस फूट म्हणजे काय, हे सांगायला नको. त्यांनी लांब शिडीसुद्धा मागून आणून ठेवली होती.

मजकूर ताराचंदजींचा पुतण्या भूपेंद्र याने नागपूरच्या एका बड्या हॉटेलातून उतरवून आणला होता. खोलीत टॉवेल्स, पिलोज आणि ब्लँकेट्स ठेवले आहेत, असं त्यात पाहुण्यांना अदबीनं कळवलेलं. नत्थूजींनी बाराही खोल्या उघडायला लावल्या. पलंग दोघांचा, टॉवेल एक, उशी एक, ब्लँकेट एक. दोन दिवसांनी पत्रे तयार झाले, त्यांत या वस्तूंपुढे एकही एस नव्हता. फक्त प्रत्येकीपुढे एका अक्षराएवढी जागा कोरी होती.

भूपेंद्रने समजावलं, की इंग्रजीत असंच लिहितात, पाहुणे काही मोजत बसत नाहीत. नत्थूजी म्हणाले, ज्या हॉटेलातून मजकूर आणला तिथं दोन-दोन असतीलही.

ताराचंदजी शांतपणे म्हणाले, "पेंटरजी, तुमाले रंगवायले बोलावलं होतं, का झडती घ्यायले?"

"जागा सोडली हाये शेठजी. दुसरा टॉवेल आणजा, एस लावून देतो."

"अन् वरचा बोर्ड?"

नत्थूजींनी एकदा गच्चीकडे पाहिलं. "तो तं साऱ्या गावाले दिसन. तिथं मी आणखीन मोजीन."

बोर्ड दुसऱ्या पेंटरला गेला. त्यावर 'ए.सी. रूम्स' अशी पुरुषभर अक्षरं उमटली. लॉजमध्ये तेव्हा एकही ए.सी. नव्हता. नत्थूजींनी शिडी परत नेऊन दिली.

पत्रे मात्र तयार होते, म्हणून ते तसेच लागले. दोन वर्षांनी भूपेंद्रचा निरोप आला: सात नंबरमध्ये दुसरी उशी आली आहे. नत्थूजी डबा-ब्रश घेऊन गेले. उशा हातात घेऊन पाहिल्या, उशीपुढे एस काढला, टॉवेल आणि ब्लँकेटला हात लावला नाही.

निघताना त्यांनी बोर्डाखाली सायकल उभी केली आणि गल्ल्यावरच्या ताराचंदजींना विचारलं, "शेठजी, वरचे ए.सी. आले का खाली?"