मग जेवतोस कसा?

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी मला बॅग उचलू दिली नाही. उजवा खांदा जपायचा होता. मामा पाठ थोपटायला आले, तर त्यांनाही म्हणाले, "डावीकडे थोपटा."

ग्लासगोच्या एका क्लबनं मला 'प्रो' म्हणून बोलावलं होतं. म्हणजे टीममध्ये पगार घेऊन बोलिंग टाकणारा मी एकटा, बाकी सगळे नोकऱ्या सांभाळून खेळणारे हौशी. स्पोर्ट्स कोट्यातली बँकेची नोकरी सोडून निघालो होतो. व्हिसा बोलिंगवर आणि बोलिंग खांद्यावर.

आपल्याकडे एप्रिलमध्ये कूलर लागतात. तिथे मी स्वेटरवर स्वेटर चढवून, बोटं काखेत धरून रनअपला जायचो. कॅप्टन भला माणूस, पण कधी नावानं हाक नाही. दर ओव्हरनंतर विचारायचा, ऑल राइट, प्रो? मी येस म्हणायचो. जूनमध्ये खांद्यात कट्ट झालं, तेव्हाही येसच म्हणालो.

दर रविवारी आई फोनवर आधी विचारायची, हात कसा आहे रे? मी म्हणायचो, फर्स्ट क्लास. रिसीव्हर डाव्या हातात असायचा, कारण उजवा कानापर्यंत जातच नव्हता. क्लबची फिजिओ दिसली की मी वाट बदलायचो. तिनं खांदा दाबला की संपलं. काँट्रॅक्ट जाणार, व्हिसा जाणार, आणि नागपुरात लोक विचारणार, काय रे, इतक्यात परत?

मग एका मॅचमध्ये रनअप घेतला आणि हात वर आलाच नाही. बॉल माझ्याच पायाशी पडला. कोणी हसलं नाही, त्याचीच जास्त धास्ती वाटली.

घरी फोन केला, तो नेमका बाबांनी उचलला. सांगून टाकलं, हात उचलत नाही, आता बोलिंग संपली.

"अरे, मग जेवतोस कसा?"

"चमच्यानं, बाबा. डाव्या हातानं."

"घरी ये. आई भरवेल."

गेलो. कॉम्प्युटर शिकलो, आणि काही वर्षांनी वर्क व्हिसावर पुन्हा इकडेच, ब्रिटनमध्ये आलो, मिल्टन कीन्सला, आयटीत. अजूनही घरचा नंबर दिसला की हातातलं काम टाकून फोन उचलतो. परवा आई म्हणाली, बाबांचे हात फार थरथरतात. माझ्या तोंडून आधी तेच निघालं, मग जेवतात कसे? माझं घर आता त्या एका प्रश्नात आहे.

तिकीट काढलंय. खांदा थंडीत ठणकतो, पण घास भरवण्याइतका हात वर जातो.