सिरिल आणि झिजलेला पाट

छत्तीस वर्षं कारखान्यात धातू कातायचा लेथ चालवून सिरिल निवृत्त झाला आणि दोनच वर्षांत त्याच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका येऊन बसला. कडेचं सगळं दिसायचं, द्राक्षमळा, कोंबड्या, शेजारच्या आलोइसचं पोट. ज्याच्याकडे रोखून पाहावं तेवढंच पुसलं जायचं. लेथच्या मापाच्या चकतीवरच्या बारीक रेघा तर गेल्याच.

तरीही बंद पडलेल्या सहकारी संस्थेच्या शेडमधून त्याने सत्तर वर्षांचा लेथ उचलून आणला आणि गॅरेजात उभा केला. गाडी तेव्हापासून पावसात. मुलगी राडका ब्रनो शहरात लिफ्ट दुरुस्त करायची. दर रविवारी येऊन तिने जुनी मोटर काढली, वेग कमीजास्त करणारी नवी बसवली, हत्यार किती सरकलं ते मोजणाऱ्या पट्ट्या लावल्या आणि भिंतीवर लाल आकड्यांचा मोठा फलक टांगला. जरा तिरकं पाहिलं की सिरिलला ते आकडे स्पष्ट दिसत. मग दोघांनी मिळून लेथला हिरवा रंग दिला.

आलोइसच्या द्राक्षं पिळायच्या यंत्राचा पोलादी खुंट झिजला होता आणि तोडणी शनिवारी होती. सिरिलने ते काम स्वतःहून मागून घेतलं. हा खुंट जमला तर आपण अजून टर्नर, नाहीतर गॅरेज परत गाडीला, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

मंगळवारी वीतभर लांबीचा खुंट तयार झाला. यंत्राच्या भोकात तो अर्धा गेला आणि अडला.

"आकड्यांचं घड्याळ स्टेशनाएवढं लावलंस, गाडी मात्र मध्येच थांबली," आलोइस म्हणाला. मग आवाज उतरवून, "राग मानू नको, सिरिल. शुक्रवारपर्यंत नाही झालं तर गावातल्या कॉम्प्युटरच्या लेथवाल्याकडे टाकतो. द्राक्षं थांबत नाहीत."

फोनवर राडकाला पट्ट्यांचाच संशय आला. तिने हे तपासा, ते तपासा असं सांगितलं. पण खुंटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडीचा आकडा हललाच नव्हता. सिरिलने खुंट चिमटीत धरून फिरवला. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरलेल्या बाजूला तो किंचित जाड होता. असं का व्हावं? या प्रश्नाने त्याला असं पछाडलं की आलोइसचे बोल बोचायचेही थांबले.

त्याने मोटर बंद केली आणि हत्यार ज्यावरून सरकतं त्या पाटावर अंगठ्याचं नख फिरवलं. पलीकडचा भाग काचेसारखा. चकजवळ मात्र नख अडखळलं. तिथे वर्तमानपत्राच्या कागदाच्या जाडीएवढी पायरी होती. त्या खळग्यात हत्यार खाली बसून कमी कापत होतं आणि आडवं सरकणं मोजणाऱ्या पट्टीला ते कळायचा मार्गच नव्हता.

छत्तीस वर्षं तो नव्या पोरांना बजावत आला होता की आधी पाटाला हात लावा, मग बाकीचं. या वेळी आकड्यांच्या झगमगाटात त्याने आधी रंग लावला होता.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं, बाबा?" त्याने परत फोन करून सांगितलं तेव्हा राडकाने विचारलं.

"तुझं नाही. मीच पाट बघितला नाही."

खळगा दोन वितींहून लांब नव्हता. म्हणजे इथे कुणीतरी जन्मभर उभं राहून एकच आखूड वस्तू बनवत होतं. नळाच्या चाव्या? कुलपांच्या कड्या? सिरिल बराच वेळ पाटावर हात ठेवून त्या अनोळखी माणसाचा विचार करत राहिला. त्या माणसाने पाटाचं दुसरं टोक कधी वापरलंच नव्हतं.

मग त्याने लांब सळई घेतली. एक टोक चकमध्ये धरलं, दुसऱ्याला पलीकडून टेकू दिला आणि खुंट सळईच्या त्या लांबच्या टोकाला घडवला, कोऱ्या पाटावर. उरलेली सळई करवतीने कापली. मायक्रोमीटर एका जागी घट्ट केला आणि खुंटावरून सरकवत नेला. अडखळ कुठेच नव्हती. त्यासाठी डोळ्यांची गरज पडली नाही.

शुक्रवारी दुपारी आलोइसने लाकडी हातोड्याने खुंट ठोकला. तो सावकाश, सारख्या ओढीने आत गेला आणि पलीकडून बाहेर डोकावला. आलोइस वाकून पाहत राहिला.

"माझ्या मेव्हण्याच्या यंत्राचाही खुंट असाच झिजलाय," तो तसाच वाकलेला असताना म्हणाला. "त्याला घाई नाही. सोमवारी दिलास तरी चालेल."