खांबबुवाचा वस्तरा

आमच्या बोरी अरब गावात सोनबा म्हाताऱ्यांची दाढी उभ्याने करायचा. तो उभा असायचाच, पण म्हातारेही उभे. सोनबा गावचा न्हावी, आमच्याकडच्या बोलीत म्हाली. साठीच्या पुढचा माणूस बाजेवर बसल्या बसल्या गाल पुढे करू लागला, की हा धोकटीचं तोंडच उघडायचा नाही. घरात शिरला की माणसांना रामराम घालण्याआधी छपरीतल्या सागवानी खांबाला हात लावायचा, जरा हलवून बघायचा आणि मग म्हाताऱ्याला म्हणायचा, "चाला बाबाजी, धरा खांबाले." म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं खांबबुवा. नाव ठेवण्यात मी पुढे होतो. मी शाळेत मास्तर. गावात दुसरं कोणी शिकलेलं नसलं, की असली कामं मास्तरालाच करावी लागतात.

त्याची रीत ठरलेली होती. पाणी ज्याचं त्याने आणायचं. न्हाणीतून अर्धा लोटा भरून म्हाताऱ्याने स्वतः खांबापर्यंत यायचं, आणि सोनबा मागे वाकून सारवलेल्या भुईवर किती थेंब सांडले ते पाहणार. मग साबणाचा फेस होईपर्यंत पाटावरून हात न टेकता पाच वेळा उठायचं. फेस तो मुद्दाम सावकाश करी. पहिला महिना दोन्ही हात खांबाला. मग एक हात. मग नुसतं बोट. शेवटी डावा गाल डाव्या पायावर आणि उजवा गाल उजव्या पायावर. "हनुवटीले दोन्ही पाय टेका," असं तो मोठ्या उदारपणे सांगायचा. गळ्याशी उघडा वस्तरा असला की माणूस फारसा डुलत नाही. आणि डुललाच, तर सोनबाचा हात आधीच मागे गेलेला असे. हे मात्र म्हाताऱ्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी एकदा त्याला विचारलं, "काय रे, बसून केली तर दाढी होत नाही का?" मी त्याला अरेतुरे करायचो. वयाने तो माझ्या वडिलांच्या जवळपास होता, पण तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. वस्तरा चामड्यावर ओढत तो म्हणाला, "माहा बाप विहिरीवर पडला, मास्तर. चौदा महिने बाजेवर होता. चौदा महिने म्या त्याची दाढी निजल्या निजल्या केली. तवाच ठरवलं, निजल्या माणसाले वस्तरा नाही लावाचा." मग हसून म्हणाला, "गंज चढते न वस्तऱ्याले!"

माझे वडील कापसाच्या बाजारात मापारी होते. सगळी हयात काट्यापाशी उभ्याने गेली. महाराष्ट्र झाला त्या वर्षी एका सकाळी ते न्हाणीत घसरले. हाड शाबूत राहिलं, पण धीर मोडला. बाज सोडेनात. चार पावलं टाकायची तरी भिंतीला चिकटून, पाल सरकते तसे. सोनबा आला. त्याने आधी बाबांकडे पाहिलंच नाही. विटेचा तुकडा घेऊन न्हाणीतलं शेवाळ खरवडून काढलं. मग बाबांना धोतर चार बोटं वर खोचायला लावलं.

"बाबाजीचं हाड नाही मोडलं," तो मला म्हणाला. "पायात भेव भरलं हाये. थे काढा लागते."

"सोनबा, गळा कापशील रे," बाबा खांबाला मिठी मारून ओरडले.

"तुमी हालसान तं कापीन. नाही हालसान तं नवरदेवावानी दिससान."

सहा महिन्यांनी बाबा एका पायावर गाल फुगवून उभे राहायला लागले. एवढंच नाही, बाजाराच्या दिवशी काट्यापर्यंत चालत जाऊन नव्या मापाऱ्याला शिव्या घालून यायचे. त्या शिव्यांनी त्यांची तब्येत आणखी सुधारली.

मला या सगळ्याचं भारी हसू यायचं. एके दिवशी सोनबा म्हणाला, "हासून राह्यले काय मास्तर? तुमी राहा बरं एका पायावर." मी एकतीस वर्षांचा होतो. शाळेत कवायत शिकवत होतो. शर्ट काढून ऐटीत उभा राहिलो. वस्तरा मिशीच्या कडेला आला आणि मी डुललो. त्या दिवशी मात्र सोनबाचा हात उशिरा मागे गेला. मुद्दाम गेला, असं बाबा शेवटपर्यंत सांगत. अर्धी मिशी ठेवून वर्गात जाता येत नाही, म्हणून उरलेली अर्धीही उतरवली आणि बाजारातून सरळ शाळेत गेलो.

बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही, हे मी विसरलो. गाव विसरलं नाही. दुपारपर्यंत आमच्या दारात माणसं जमली. पलीकडच्या आळीतल्या दोन बाया वळणापासूनच गळा काढत आल्या. शेजारचे करीमभाई सायकलवाले दुकान बंद करून, डोक्याला रुमाल बांधून आले. ओट्यावर बाबा बसलेले. ताजी दाढी, गालावर तुरटी. एवढी गर्दी बघून त्यांनीच घाबरून विचारलं, "कोण गेलं रे?"

करीमभाईंनी रुमाल सोडला. "आप ही गये थे, बाबा. अब क्या बोलें!"

बाबा इतके हसले, की त्यांना खांब धरावा लागला.

इथपर्यंतची गोष्ट मी आजवर शंभरदा सांगितली आहे. पुढची सांगत नाही.

पुढल्या वर्षी शाळेची तपासणी आली. तपासणी झाल्यावर डिप्टीसाहेबांना चहाला घरी आणलं. दारातून साहेबांनी पाहिलं ते असं: माझा बाप धोतर खोचून एका पायावर उभा, आणि एक माणूस त्याच्या गळ्याला वस्तरा लावून, "हालू नका! हालू नका!" असं दरडावतोय. साहेबांचा पाय उंबऱ्याबाहेरच थांबला.

"हे काय चाललंय, गुरुजी?"

"नवस आहे, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी हात जोडले. बाबांनी एका पायावरूनच परत हात जोडले. साहेब गेल्यावर सोनबा पोट धरून हसला. बाबाही हसले. मला मात्र आपली फार शोभा झाल्यासारखं वाटलं. शिकलेल्या माणसाच्या घरात असला तमाशा! त्याच आठवड्यात मी यवतमाळहून पात्याचं नवं यंत्र आणलं आणि सोनबाला म्हणालो, "उद्यापासून बाबांची दाढी मीच करत जाईन. मुलाचं कर्तव्य आहे ते."

सोनबाने चामडं गुंडाळलं. "करा न. तुमचा बाप हाये. पण उभ्यानं करजा."

"हो, हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना हाताच्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती पांढरा टॉवेल बांधला आणि कोमट पाण्याने दाढी केली. बाबांनी सुखाने डोळे मिटले. मग मला सेवेची चटकच लागली. पाणी हातात, ताट बाजेवर, रात्रीला उशाशी भांडं. "तुम्ही उठू नका बाबा" हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणायचो. येणारेजाणारे म्हणायचे, लेक असावा तर असा, कावड तेवढी खांद्यावर घ्यायची राहिली. ते ऐकू यावं म्हणून मी दाढी मुद्दाम ओट्यावर करायला लागलो, हेही आता कबूल करून टाकतो.

बायको एकदा म्हणाली, "बाबांच्या पिंढऱ्या पाह्यल्या काय तुमी? हातात मावतात आता." मी तिला कर्तव्यावर एक लहानसं व्याख्यान दिलं. सोनबा रस्त्यात भेटला, तेव्हा मीच कावडीची गोष्ट काढली, लोक काय म्हणतात म्हणून. त्याने धोकटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"कावडीत बसलेल्या माणसाचे पाय कोणी पाह्यले काय, मास्तर?"

मी हसलो. न्हाव्याची जात बोलण्यात हुशार, असं काहीतरी म्हणून पुढे गेलो.

असे चार महिने गेले. एका मंगळवारी मी वर्गात भागाकार शिकवत होतो. करीमभाई दारात येऊन उभे राहिले. हात वंगणाने काळे.

"मास्टर, चलो. बाबा गिर गये."

झालं होतं ते असं. सोनबा त्या सकाळी करीमभाईंच्या घरी त्यांच्या वडिलांची दाढी करायला आला होता. मधली भिंत ती केवढी! "धरा चाचा खांबाले" हे बाबांनी बाजेवरून ऐकलं. बायको विहिरीवर गेली होती. बाबा उठले. धोतर खोचलं. न्हाणीत जाऊन अर्धा लोटा पाणी घेतलं आणि आमच्या खांबापाशी येऊन, "सोनबा, मी तयार हाओ," अशी हाक मारली. हाक ऐकून सोनबा धावत आला, तोवर ते एक पाय उचलून पडले होते.

मी पोचलो तेव्हा बाबा खांबाच्या पायथ्याशी आडवे होते. उजवा पाय भलतीकडेच वळलेला. त्यांचं डोकं सोनबाच्या मांडीवर. खांबापाशी पाण्याचं थारोळं होतं. सोनबाने न्हाणीपासून खांबापर्यंतच्या कोरड्या भुईकडे बोट केलं.

"पाहा मास्तर. इथवर एक थेंब नाही सांडला."

खुब्याचं हाड मोडलं होतं. यवतमाळच्या दवाखान्यात पायाला वजन टांगून ठेवलं. मग डॉक्टरांनी सांगितलं, या वयात हे सांधत नाही, घरी न्या. घरी आणलं. पाठीला जखमा झाल्या. घरात एक वास भरून राहिला, उदबत्तीने न हटणारा. बाबा बोलेनासे झाले. पात्याचं यंत्र मी फडताळात मागे सारून ठेवलं. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मग एका मंगळवारी सोनबा न बोलावता आला. येताना खांबाला हात लावला नाही. बाजेपाशी बसून फेस करायला लागला.

मी म्हणालो, "निजल्या माणसाची तू करत नाहीस ना?"

"निजल्या माणसाची नाहीच करत." त्याने बाबांच्या पायावरचं पांघरूण सारलं. "या इकडं. खाली बसा. बाबाजीच्या डाव्या तळव्याले तुमचा तळहात लावा. असा. आता तुमी भुई." मग बाबांच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबाजी, भुई लागली काय पायाले? दाबा. उभे राहा."

माझ्या तळहातावर बाबांचा पाय दाबला गेला. जोर होता त्यात. मापाऱ्याचा पाय तो. सोनबाने डावा गाल केला. उजवा पाय कामातून गेलेला, तेव्हा उजवा गालही डाव्याच पायावर केला. मग हनुवटी. तेवढा वेळ माझा बाप माझ्या हातावर उभा होता. मान खाली घालून मी भुई झालो होतो. ते बरंच होतं, कारण मला वर बघता येत नव्हतं.

असे सहा मंगळवार गेले. दर मंगळवारी जोर कमी. पाचव्याला नुसती बोटं हलली. "शाबास बाबाजी," सोनबा म्हणाला, "आज एका बोटावर."

सहाव्या मंगळवारी डावा गाल होईपर्यंत तळहातावर काहीतरी होतं. मग नव्हतं. मी थांबलो. अजून थांबलो. मग सोनबाकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, माझ्याआधीच. त्याने वस्तरा पुसला, बाबांची मान अलगद दुसऱ्या बाजूला केली आणि उजवा गाल सावकाश, नेहमीसारखा, पूर्ण केला. तुरटी फिरवली. मग वस्तरा मिटला.

"काढा हात, मास्तर," तो म्हणाला.

दहाव्या दिवशी नदीवर माझं क्षौर त्यानेच केलं. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "सोनबा, उभ्यानेच कर." त्याने आजूबाजूला पाहिलं. नुसती वाळू.

"धराले खांब नाही अठी. बसा."

मी उकिडवा बसलो. डोकं झालं, मग मिशी. या खेपेला त्याचा हात थांबला नाही. दोन ओढींत ती गेली. उठायला गेलो तर पायाला मुंग्या आल्या होत्या, उठता येईना. सोनबाने वस्तरा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात कोपरापासून ताठ करून पुढे धरला. खांबासारखा. मी तो धरला. त्याने ओढलं नाही. माझा मी उठेपर्यंत नुसता धरू दिला.

आज माझं वय बाबांच्या तेव्हाच्या वयाहून जास्त आहे. रोज सकाळी मी अर्धा लोटा घेऊन खांबापाशी येतो आणि फडताळातलं तेच यंत्र काढून एका पायावर दाढी करतो. गाल कापतो. थेंब मीच पाहतो, आणि पाहताना लबाडी करतो. सोनबा असता तर त्याने ती पकडली असती.

त्या दिवशी नदीवरून मी तसाच, मिशीशिवाय घरी आलो. बायको पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. करीमभाई रुमाल बांधून रस्त्याकडेला बसले होते. सवयीने माझी नजर ओट्यावर गेली. "कोण गेलं रे?" असं विचारायला तिथे कोणी नव्हतं.