तारेखालची वाट

डोंबिवलीला बिऱ्हाड केल्यापासून दर रविवारी सकाळी मी गाडीने आंबिवलीला उतरायचो आणि शेतांतल्या पायवाटेने नदीपर्यंत चालत जायचो. एका रविवारी त्या वाटेवर काटेरी तार आडवी आली. जमीन मुंबईच्या कुणा शेठने घेतली होती. मी सभ्य माणसासारखा मागे वळलो आणि रस्त्याकडे निघालो.

"कुठं चाल्लाव?"

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली, काष्ट्यातली एक म्हातारी होती. तिने भारा टाकला, काट्यांमधली जागा बघून खालची तार अनवाणी पायाने दाबली, विळ्याच्या मुठीने वरची उचलली आणि मानेनेच खूण केली.

"शेठ बोलेल," मी म्हणालो.

"बोलू दे. वाटंवर गवत उगवलं का तो मामलेदार सायबाला सांगेल, हितं वाट नव्हतीच. तुमी रस्त्यानं गेलाव तं तो खरा ठरेल."

मी वाकलो. सदरा फाटला, पण पलीकडे गेलो. मागून तीही आली, बांधावरच्या आंब्यापर्यंत चालली आणि तशीच परत फिरली. तिचं घर स्टेशनकडे होतं. त्या वाटेने तिला कुठेच जायचं नव्हतं.

पुढे कित्येक रविवार ती तारेपाशी उभी असायची. मी तिचं नाव विचारलं नाही, तिनेही माझं विचारलं नाही. तिला फक्त माझे पाय हवे होते.

मग एका रविवारी ती दिसली नाही. माझ्याबरोबर ऑफिसातले एक गृहस्थ होते. तार बघून ते रस्त्याकडे वळले.

मी खालच्या तारेवर पाय दिला, वरची उचलली आणि म्हणालो, "वाका."